खिळ्यावरची रोटी कोणाच्या नावावर

मी, नुसरतुल्ला हैदरोव, वय एकोणऐंशी, धंदा तंदूर रोटीचा, राहणार बुखारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि कोणी मानेवर सुरी न ठेवता लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते हृदय थकलं आहे, उन्हाळा दिसेलच असं नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे. नाही म्हणणारा एकटा माझा मेहुणा मीरशोद, त्याच्याकडे शेवटी येतो. दोन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. का, ते कलम चारमध्ये.

कलम एक. राहतं घर मुलगा फर्रुख आणि मुलगी झुलेखा यांचं, समान. फर्रुख अकरा वर्षं मॉस्कोत आहे. हिस्सा विकायचा झाला तर त्याने आधी बहिणीला विचारावं, आणि विचारणं म्हणजे कळवणं नव्हे.

कलम दोन. तंदूर, लाकडी परात आणि रोटीच्या मधोमध नक्षी उठवायचा खिळ्यांचा ठसा झुलेखाला. तिच्या रोटीचा काठ माझ्यापेक्षा छान फुगतो. हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, फुशारून जाईल म्हणून.

कलम तीन. एक वस्तरा, हस्तिदंती मुठीचा, पिनहास युसूपोव यास परत. पिनहास माझा शेजारी, यहुदी, धंद्याने न्हावी. पंधरा वर्षं त्याने माझी दाढी केली आणि देश सोडायच्या आदल्या दिवशी हा वस्तरा मला दिला. मी तो एकदाही वापरला नाही, दाढी वाढवली. मशिदीत लोक मान देऊ लागले. मान दाढीला होता आणि दाढी रागाची होती.

कलम चार. बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली रोटी.

आमच्याकडे कोणी दूर निघालं की त्याने घरच्या रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली भिंतीवर टांगायची. ती संपवायला माणसाला परत यावंच लागतं. २१ एप्रिल १९९२ ला पिनहास बायकामुलांसह इस्रायलला निघाला. अख्खी गल्ली जमली होती. मी तंदुरातली पहिली रोटी घेऊन गेलो, तर त्याने हात मागे घेतले.

"नको, नुसरत."

"अरे, एक घास घे की."

"आज नको रे. कळेल तुला."

"यायचंच नाहीये तुला, असं सरळ सांग ना."

तो डोळे पुसत गाडीत बसला. मीरशोद बाजूला होता, म्हणाला, "त्यांचं तसंच असतं." मी मान हलवली आणि पुढे तीस वर्षं हलवत राहिलो. अख्खी रोटी मुद्दाम टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं कोणी घास घेतला नाही ते. त्याची दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही.

मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. वसंतात आठ दिवस, त्यांच्या पेसाख सणात, ते आंबवलेल्या पिठाचं खात नाहीत. पिनहासची बायको तेव्हा रोटी न्यायला यायची नाही. पण आदल्या वर्षी तो सण मार्चातल्या नवरोजच्या पाठोपाठ आला होता, तर मी धरून चाललो की दरवर्षी तेव्हाच येतो. आमचा रमझान वर्षभर फिरतो, तरी त्यांचा सण मी एका जागी ठोकून ठेवला होता. आणि पिनहासने का सांगितलं नाही? सोव्हिएत राजवटीत सत्तर वर्षं देवाधर्माचं रस्त्यात बोलायचं नाही, ही सवय आम्हा सगळ्यांच्याच हाडीमाशी खिळलेली.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेने धर्माधर्मांत संवाद म्हणून एक सभा घेतली. मी रोट्या पोहोचवायला गेलो होतो. तीन पाहुण्यांनी सांगितलं की आपण सगळे एकच आहोत. मला वाटलं, एकच असू तर विचारायचं काय उरलं? मी पिठाच्या हातांनी उभा राहिलो आणि यहुद्यांच्या प्रार्थनाघराची व्यवस्था पाहणाऱ्या गवरियेलला विचारलं, "तुमच्यात निरोपाची रोटी खात नाहीत का हो?"

"खातो की. कोणी नाही खाल्ली?"

मी सांगितलं. त्याने तारीख विचारली, फोनमध्ये पाहिलं. "उस्ता, तो तर पेसाखचा चौथा दिवस. तीस वर्षांत कोणाला विचारलं नाहीत?"

मला इतकी लाज वाटली की टोपली तिथेच विसरून घरी आलो. गवरियेलने नंबर मिळवून दिला.

"दाढी वाढवलीस म्हणे?" पिनहासचा पहिला प्रश्न.

"करणारा होता कुठे?"

"गाढवा, पत्र तरी टाकायचंस."

"रोटी आहे अजून भिंतीवर."

 तो म्हणाला, "दात नाहीत मला."

"चहात बुडवू."

"येतो."

या खेपेला आम्ही दोन पंचांगं पुढ्यात घेतली. त्याचा पेसाख १३ एप्रिलला उलटतो, माझे रोजे २० ला संपतील. २१ तारखेला, ईदच्या सकाळी, संध्याकाळी त्याचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागायच्या आत, तो माझ्या दारात.

मी तोवर नसेन तर रोटी त्याला मिळावी म्हणून पहिल्या मृत्युपत्रात ती सरळ त्याच्या नावावर केली. साक्षीला आलेल्या गवरियेलने पेन खाली ठेवलं. "उस्ता, पेसाखच्या आधी गेलात तर रोटी त्याची होईल. पेसाखात यहुद्याच्या मालकीची राहिलेली आंबवलेली रोटी आम्हाला कायमची वर्ज्य."

"आणि माझ्या मालकीची राहिली तर?"

"मग चालते."

म्हणजे तीच चूक मी दुसऱ्यांदा करणार होतो, या वेळी सहीशिक्क्यासह. आमचा तरुण इमाम अब्दुवोहिदही साक्षीला होता. त्याने विचारलं, "दुसऱ्याची का चालते?" मग दोघे तासभर एकमेकांना उलटसुलट विचारत बसले, चहा गार झाला. मला अर्धंच कळलं. पण कोणी 'एकच' म्हणून विषय संपवला नाही, आणि मला त्या सभेपेक्षा हे आवडलं.

म्हणून सदर रोटी झुलेखाच्या पूर्ण मालकीची. १३ एप्रिल उलटेपर्यंत तिने ती कोणाला देऊ नये, कबूलही करू नये. मी मयत झालो तरी खिळ्यावरून काढू नये. वस्तऱ्याला मात्र सणाची अडचण नाही, गवरियेलला विचारून घेतलं आहे.

कलम पाच. खिळ्यासमोरची खुर्ची मीरशोदला. २१ एप्रिलला त्याने तिच्यावर बसावं आणि पाहावं.

कलम सहा. झुलेखा, मी नसलो तर चहा तू ठेव. रोटी हातात घे, पण लगेच पुढे करू नकोस. पंचांग आम्ही पाहिलं आहे, तरी आधी विचार, "काका, आज चालतं ना?" आणि तो काय म्हणेल ते पूर्ण ऐक. मी एवढं एक वाक्य विचारलं नव्हतं.

सही: नुसरतुल्ला हैदरोव

साक्षीदार:
१. गवरियेल इल्यायेव. कलम चार दोनदा वाचलं, बरोबर आहे.
२. अब्दुवोहिद करीमी, इमाम. माझी हरकत नाही. दोन शंका बाकी आहेत, गवरियेल यांच्याकडे मंगळवारी जाणार आहे.

मीरशोद यांनी सही करण्यास नकार दिला. खुर्ची आजच न्यायची की तेव्हा तिथेच बसायचं, एवढं विचारून गेले. तिथेच, असं सांगितलं आहे.

बुखारा, ९ मार्च २०२३