त्रिग्लाववर दुसऱ्यांदा

३ जुलै
पुढच्या महिन्यात लग्नाला तीस वर्षं. मी गरम पाण्याच्या कुंडांवर दोन दिवस राहायचा बेत सुचवला. दार्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, विन्को, या वेळी मला त्रिग्लाववर ने. देशातला सगळ्यात उंच डोंगर, सगळा देश जाऊन येतो, तू जाऊन आलायस, मी काय मुरा नदीकाठच्या मक्यातच म्हातारी होऊ?
लगेच हो म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला. घसा.

४ जुलै
फक्त स्वतःसाठी नोंद. १९८७ साली मी त्रिग्लाव चढलो आहे. म्हणजे शिखराखालच्या क्रेदारित्सा लॉजपर्यंत. तिथून शिखराकडे जाणारी कड बघितली आणि पोट बिघडलं. २८६४ मीटरपैकी २५१५ झाले होते. शेकडा अठ्ठ्याऐंशी. मी भूगोलाचा मास्तर आहे, एवढ्या मार्कांना मी शेरा ‘उत्तम’ देतो.
पुढच्या वर्षी एका लग्नात दार्या भेटली. वाइन झाली होती. तिला सांगितलं, शिखरावरच्या पत्र्याच्या बुरुजात आम्ही चौघं बसलो, बाहेर विजा कडाडत होत्या आणि आत पत्त्यांचा डाव रंगला होता. ती बघतच राहिली. त्या डावामुळे मी याला हो म्हटलं, असं ती अजून पाहुण्यांना सांगते.
ते पत्ते काढून घेतले तर माझ्याकडे काय उरतं, हा विचार आज करायचा नाही.

७ जुलै
सरावाला सुरुवात. स्वयंपाकघरातला बल्ब बदलायचं ठरवलं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना लक्षात आलं की जुना बल्ब अजून चांगला आहे.

१४ जुलै
लेंडावाच्या टेहळणी मनोऱ्यावर सराव. एकटाच गेलो. लिफ्टने वर गेलो. लिफ्टने खाली आलो. मध्ये दार उघडलं होतं.
ही भीती नव्हे. सावधगिरी. आमच्या इथे करकोचेसुद्धा माझ्यापेक्षा उंच राहतात, सवय कुठून असणार?

२१ जुलै
लॉजवर फोन केला. ऑगस्टमध्ये तिथे जागा मिळणं अशक्य, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाई म्हणाली, नशीबवान आहेस बघ, आत्ताच दोघांनी रद्द केलं. अरे-तुरे करत होती. हजार मीटरच्या वर आपल्याकडे सगळेच करतात, पण मी तर सोबोतात, आमच्या सपाट गावात, माझ्या सोफ्यावर होतो.

२८ जुलै
सामानाची खरेदी. हेल्मेट, कंबरेचे पट्टे, कड्या. चढावर आधाराला ठोकलेल्या तारेला कडी कशी अडकवायची ते दार्याला समजावलं. माझी अडकली ती सुटेना. तिने सोडवली. तिच्या गाठीही झटपट बसतात. विणकामाचा हात.
तिने एक वेगळी दोरीही घेतली, हातभर लांब, जाडजूड. म्हणाली, रिवाज म्हणजे रिवाज. पहिल्यांदा शिखर गाठणाऱ्याला वाकवून तीन फटके, आणि मारणारा आधी जाऊन आलेला हवा. म्हणजे मी. बिचारी. हळूच मारीन.

५ ऑगस्ट
हवामान दिवसातून नऊ वेळा बघतो. आठवडाभर वादळाची शक्यता होती, आज तीही गेली. आजपासून उजवा गुडघा दुखवायला घेतला. जेवताना दार्याने विचारलं, सकाळी तर डाव्या पायाने लंगडत होतास ना?

९ ऑगस्ट, संध्याकाळ, क्रेदारित्सा
पोक्ल्युकाहून सहा तास चाललो. सगळा वेळ मी पुढे होतो, फक्त दार्या माझ्याही पुढे होती. तिचे बूट जुने आहेत. धाकट्या बहिणीचे असणार.
बार्लीची खिचडी खाल्ली. दार्याने माझीही संपवली. लॉजवाल्या बाईने विचारलं, कितव्यांदा? मी म्हणालो, दुसऱ्यांदा. दार्या ताट पुसत होती.
खिडकीतून कड दिसते. बत्तीस वर्षांत ती अधिक अरुंद झाली आहे. झीज. सातवीच्या धड्यात आहे.

१० ऑगस्ट, सकाळी ६.१५
पोट बिघडलंय. दार्याला सांगितलं. तिने बॅगेच्या वरच्याच कप्प्यातून गोळी काढली. पाण्याची बाटलीही हातात तयार होती.

सकाळी ७.४०, लहान त्रिग्लाव
मुख्य शिखराआधीचं हे टोक जरा रुंद आहे म्हणून लिहितोय. अक्षर वाऱ्यामुळे. पुढे कड. एका पावलाएवढी. दोन्हीकडे काही नाही. काहीच नाही. आत्ता एक कावळा माझ्या खालून उडत गेला. मला घरी जायचंय. दार्या सफरचंद खातेय.

दुपारी २, पुन्हा लॉज
जिवंत आहे. जसं झालं तसं लिहितो.
कडेच्या मध्यावर माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. दोन्ही हातांनी लोखंडी खुंटी धरली आणि डोळे मिटले. मागे सात-आठ माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, चल रे बाबा, आम्हाला जेवायला खाली जायचंय. मला आई आठवली. मग मी मोठ्याने म्हणालो, मी इथे कधीच आलो नव्हतो. बुरूज नाही, पत्ते नाहीत, काही नाही.
पुढून दार्या म्हणाली, माहीत आहे. उजवा पाय जरा वर घे. हां. आता डावा.
असं करत तिने मला वर नेलं. पाऊण तास ती फक्त उजवा आणि डावा एवढंच बोलली.
शिखरावर बुरूज आहे. आमच्या शाळेतल्या झाडूच्या कपाटाएवढा. दार्या मला आत घेऊन गेली. दोघं उभे राहिलो तेव्हा तिचं हेल्मेट माझ्या हनुवटीला लागत होतं. म्हणाली, तर मग तुम्ही चौघं. बसून. पत्ते कोण वाटत होतं?
वर येणाऱ्यांनी नाव लिहायची वही होती. मी पेन शोधत होतो, तोवर तिने लिहून टाकलं. विन्को, पहिल्यांदा. मला हायसं वाटलं. म्हणालो, आता दोघंही नवखे, मग फटके मारायला कुणी नाही, रिवाजाला आधी आलेला माणूस लागतो.
तिने खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. दार्या, दुसऱ्यांदा. एकोणिसाव्या वर्षी, नर्सिंग कॉलेजच्या मुलींबरोबर आली होती.
मग बॅगेतून दोरी काढली आणि म्हणाली, वाक.
मागची सात-आठ माणसं जेवायला खाली जायची विसरली. दार्याने मारले, त्यांनी मोजले. रिवाज तीन फटक्यांचा. चौथा पत्त्यांचा.

१२ ऑगस्ट, घरी
सकाळी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, त्या लग्नातच. बसून पत्ते म्हणालास तेव्हाच.
मग तीस वर्षं गप्प का?
म्हणाली, सांगताना तुझे हात एवढे कापत होते की वाइन माझ्या फ्रॉकवर सांडली. म्हटलं, एवढा भित्रा माणूस माझ्यासाठी एवढी मोठी थाप मारतोय, म्हणजे याला मी खरंच हवी आहे.
बराच वेळ तिचा हात धरून ठेवला. मग म्हणालो, पण खरं सांग, मधल्या वाटेवर मी तसा बरा चढलो ना? ती म्हणाली, तो स्वयंपाकघरातला बल्ब बदल.
तिसऱ्या पायरीवर गेलो. तिने शिडी धरली होती. बल्ब बदलला.
हे सगळं उभ्याने लिहिलं आहे.