एक जूनची जन्मतारीख

नरडाणा, १२ जानेवारी, सकाळी साडेसात

नाना,

प्रेमराजला अग्निवीरच्या ट्रेनिंगसाठी गाडीत बसवून आत्ताच आलो.

वडील गेल्यावर माझं नाव शाळेत तुम्हीच घातलंत आणि गावातल्या सगळ्या पोरांसारखी जन्मतारीख एक जून सांगितलीत. यशोदाआत्या म्हणते, मी दिवाळीचा. तेवढ्या पाच महिन्यांनी मी कागदावर मोठा ठरलो आणि अग्निवीरच्या वयात बसलो नाही. मग तुमच्या प्रेमराजचीच तारीख खरी कशी लागली? नावं तर एकाच दिवशी घातली होती.

स्टेशनवर माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "चारच वरीस वावर देख, भाऊ. मंग प्रेमराज शेच." चार वर्षांनी तो आहेच, म्हणे.

त्याची चार वर्षं सरकारनं ठरवली. माझी कुणी ठरवली, नाना?

तुमच्याच घरी जेवतो, म्हणून हे पत्र तुमच्या हाती देणार नाही. आता वावरात निघतो.

तुमचा पुतण्या,
देवचंद