समासातली पेन्सिल

धाराशिव, ता. ६ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. गजराअक्कास,
सिद्धेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. तब्येत ठणठणीत आहे, शाळा रोजची आहे. कारण एकच, मी वाचत होतो. काम तुम्हीच लावलेलं.

संक्रांतीच्या आधी तुम्ही सूनबाईच्या पेटीतल्या पाच कादंबऱ्या बाबामियाँच्या मोटारीतून पाठवल्यात. घरातल्या शिकलेल्या माणसानं वाचून पसंत केल्याशिवाय नव्या सुनेच्या हाती कादंबरी द्यायची नाही, ही दाजींच्या घरची रीत. आणि शिकलेला म्हणजे मी. सूनबाईनं, म्हणजे अयोध्येनं, वाचण्याच्या नादात दोनदा दूध उतू घालवलं, तेव्हा निकाल लवकर कळवावा, असं तुमच्या पत्रात होतं. मी फारच लवकर कळवला. प्रत्येकाची दहा-दहा पानं चाळली आणि कार्ड टाकलं की सूनबाईच्या हाती देण्याजोगं यात एकही नाही, सगळी माझ्याकडेच ठेवून घेतो.

त्या संध्याकाळी रोजनिशी उघडली, तर 'पाच पुस्तकं वाचली' असं काही हातून उतरेना. वाचली कुठं होती? म्हणून खरोखर वाचायला घेतली.

पहिली गुप्तहेराची. खुनी कोण हे मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं, आणि शेवटी ते चूक निघालं. दुसरी सरदारांची, तीत इतकी माणसं पडतात की मी मोजणं सोडलं, पण घोडा मेला तेव्हा डोळे पुसले. तिसरी नुसती थट्टेची, तीन भाऊ मुलगी पाहायला जातात आणि चुकीच्या घरी पोहे खाऊन येतात. चौथीत विमान चंद्रावर जातं. भूगोलाचा मास्तर म्हणून मी तिला हसायला बसलो आणि शाळेची घंटा चुकवली. दिवसभर वर्गात उर्दूतून शिकवून आल्यावर मराठी गोष्टीत शिरणं म्हणजे घट्ट जोडा काढून सारवलेल्या अंगणात पाय टेकणं. फारसीचे मास्तर पाशामियाँ रोज मधल्या सुट्टीत पुढचं विचारतात. विमान चंद्रावर अडकलं त्या दिवशी त्यांनी डबा न खाताच बंद केला.

पाचवी सासरी गप्प राहणाऱ्या एका सुनेची आहे. तिच्याकडे येतो.

या पाचही पुस्तकांच्या समासात कोणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात शेरे लिहिले आहेत. लढाईमुळं कागद महाग झाल्यापासून लोक कुठंही लिहितात. कोणी जुने मालक असावेत, चांगले मुरलेले वाचक. सरदाराच्या तीन पानी भाषणाशेजारी त्यांनी लिहिलंय, 'शत्रू तोवर जेवून आला असेल.' मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. पाचवीत एकशे बाराव्या पानावर सुनेवर आळ येतो, ती मुकाट्यानं ऐकून घेते. तिथं शेरा आहे, 'ही बोलत का नाही?' मला राहवलं नाही. खाली लिहिलं, 'तिला कोणी विचारलं का?' मग मागच्या-पुढच्या पानांवर आमचा वादच जुंपला. वाचनाला असा सोबती मला वीस वर्षांत लाभला नाही. हे गृहस्थ कोण, ते सूनबाईला विचारून कळवा. मला त्यांना पत्र लिहायचं आहे.

माझं कार्ड चूक होतं असं आता वाटतं. चार पुस्तकं परत करायला हरकत नाही. पाचवीबद्दल मन ठरत नाही. नव्या सुनेला ती द्यावी का? विचार करून कळवतो.

माझ्या आळसामुळं तुमची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

सिद्धेश्वर

मुरूम, ता. १४ फेब्रुवारी १९४४

चि. सिद्धेश्वरास,
गजराबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मी सांगते तसं सून लिहितीय. तुला वाटलं असंल तुझा भाचा महारुद्र लिहितो. तो दिवाळीपासनं सोलापूरला हाय, कापसाच्या कामावर. तवापासनं तुझी पत्रं हीच वाचून दाखवते, माझी हीच लिहिते. पुस्तकं पारखून दे म्हणून तुला आलेलं पत्र बी हिच्याच हातचं. दूध एकदा उतू गेलं असं मी सांगितलं, तर म्हणाली, आत्या, दोनदा.

तुझं कार्ड आलं ते हिनं जसंच्या तसं वाचलं. एकही नाही, ठेवून घेतो. मला अक्षरओळख न्हाय. सगळी चांगली हायेत असं वाचलं असतं तर मला काय कळणार होतं? वाचलं, कार्ड फळीवर ठेवलं, भाकरी थापायला बसली. मी बी तिला काय विचारलं न्हाय. ते मला लई दिवस टोचतंय.

परवा तुझं हे पत्र वाचताना त्या पेन्सिलीपाशी आली अन् थांबली. मी म्हणाले, काय गं, काय वाईट हाय का? तर पदर तोंडाला लावून हसतीय. मग म्हणाली, "आत्या, ते गृहस्थ मीच."

तुझे दाजी ओसरीवर होते, ते बी हसले. पण रीत ती रीत, म्हणतात. निकाल मामाचाच, तेवढा नीट वाचून देऊ द्या. तवा आता दे. अन् मला एवढं सांग, पाचवीतली सून शेवटी बोलली का? दुपारी शेंगा फोडताना ही मला ती गोष्ट सांगायची, अन् निम्म्यावर मीच पुस्तकं धाडली. हिला विचारलं तर म्हणते, मामांचा निकाल आला न्हाय, मी कशी सांगू. बघ, कशी हाय ती.

येडाईच्या यात्रेला येरमाळ्याला भेट, न्हायतर कान धरायला मीच धाराशिवला येईन.

गजराबाई

ता. क. इथून पुढचं सांगणंही लिहिणारीचंच. मामांना अयोध्येचा नमस्कार. सरदाराच्या भाषणाला आपण हसलात, हे वाचून फार बरं वाटलं. आपले शेरे कृपा करून खोडू नयेत. पेन्सिलीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

धाराशिव, ता. १९ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. अक्कास शि. सा. न. आणि चि. सौ. अयोध्येस अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र दोघींना आहे.

तुमचं जुनं पत्र काढून पुस्तकाशेजारी ठेवलं. तेच अक्षर. वर्षाला तीनशे पेपर तपासणारा मी. समोर समासातलं अक्षर, खिशात त्याच अक्षरातलं पत्र, आणि महिनाभर कळलं नाही. पाशामियाँ म्हणाले, मास्तर, तुम्हाला चंद्रावरचं दिसतं, टेबलावरचं दिसत नाही. लाज वाटली, पण हसूच जास्त आलं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी जात नाही. अयोध्ये, स्वतःविरुद्धचा निकाल तू एक अक्षर न बदलता वाचलास. तो मी दहा-दहा पानं चाळून दिला होता. मग कोणी कोणाची पुस्तकं पारखायची? अनोळखी माणसापुढं 'तिला कोणी विचारलं का' असं ऐटीत लिहिलं, आणि तुला काही विचारावं हे मलाही सुचलं नाही.

अक्का, दाजींना सांगा, निकाल असा: पाचही पुस्तकं सूनबाईच्या हाती द्यावीत, आणि पाचवी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावी. सून शेवटी बोलते का, ते मी सांगणार नाही. तो मान तिचा. शेरा एकही खोडलेला नाही. दूध मात्र वाचायच्या आधी तापवून घ्या.

सोबत माझी एक कादंबरी धाडतो. तिचे समास कोरे आहेत. अयोध्येनं आधी वाचून कळवावं, मामाच्या हाती देण्याजोगी आहे का.

रोजनिशीत 'पाच पुस्तकं वाचली' असं आज लिहिलं. आता ते खरं आहे. आहे ती माया असू द्या, आणि कान येरमाळ्यालाच धरा.

सिद्धेश्वर

रोजनिशी, ता. १९ फेब्रुवारी. उद्या: नव्या पेन्सिलीला टोक करून पुस्तकांच्या गठ्ठ्यात घालणे.