तीन स्मरणपत्रं आणि आईचं मशीन

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. तुझी पाठदुखी कशी आहे? भावजींचा राग (आणि रक्तदाब) उतरला असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम, लाज तेवढी वाटते.

लेकीचा लग्नाचा पोशाख आईच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवायचा, एवढंच तू मागितलं होतंस. परदेशात माल पाठवणाऱ्या कचेरीत मी बावीस वर्षं घासतोय. पाठवणारा, जहाज कंपनी आणि माल घेणारा यांचे निरोप एकमेकांना पोचवायचे, हेच माझं काम. तेव्हा मशीन इथून तुझ्याकडे परदेशात पाठवायला माझ्याइतका लायक माणूस नाही, असं मलाच नव्हे, तुलाही वाटलं. लग्नाच्या धांदलीत तुला त्रास नको म्हणून 'माल घेणारा' या रकान्यात तुझ्या नावापुढे मी माझाच ईमेल आणि माझाच फोन नंबर टाकला. (हा शहाणपणा मला कुणी सुचवला नव्हता.)

वाटेतल्या बंदरात पेटी दुसऱ्या जहाजावर चढायची होती. तिथल्या एजंटने विचारलं, घराचा नंबर दोन कागदांवर वेगवेगळा आहे, खरा कुठला? खरा मला तोंडपाठ आहे गं! पण घेणाऱ्याच्या वतीने आपण उत्तर द्यायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. आणि दिवसाला दोनशे ईमेल, त्यांवर नावं नसतात, पेट्यांचे आकडे असतात; ही आपलीच पेटी हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी सवयीने प्रश्न घेणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडेच, पाठवला. तो आला तेव्हा 'घेणाऱ्यास कळवले आहे, उत्तराची वाट पाहत आहोत' असा शेरा मारून ठेवून दिला. मग स्मरणपत्र. मग दुसरं. तिसरं जरा कडकच लिहिलं: आपल्या बेपर्वाईमुळे माल अडकला आहे. साहेबांनाही म्हटलं, लोकांना हल्ली जबाबदारी म्हणून राहिली नाही. शेवटी चिडून टेबलावरच्या फोनवरून घेणाऱ्याला फोन लावला, तर माझाच खिसा वाजायला लागला.

तोवर लग्नाला चार दिवस उरले होते, आणि जहाजाला अकरा लागतात. लेकीने विकतचा पोशाख घातला. फोटोत सगळे हसताहेत, तू एकटी तिच्या बाहीची शिवण बघते आहेस. तो फोटो मला बघवत नाही. ताई, मला माफ कर.

तुझा,
धाकटा

ता. क. मशीन येत्या मंगळवारी तुझ्या दारात येईल. घेणारा म्हणून आता तुझाच नंबर दिला आहे. फोन वाजला तर उचल, माझा समजून टाळू नकोस.

ता. क. २: मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, माझी एक चिठ्ठी आहे. ती न वाचता फाडून टाक. रजा मिळत नाही, पण मी नसलो तरी लग्नाआधी मशीन नक्की तुझ्यापाशी असेल, असं तीत लिहिलंय.