नट, पिन, तेल

उस्ताद, मी मंठाळहून लिहायलोय. सुट्टीवर गावी आलोय. बाहेर उन्हानं पत्रे कडकड वाजायलेत, आन् मी भिंतीला पाठ लावून तुम्हाला बर्फातली गोष्ट सांगायला बसलोय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती, मला उर्दू येत न्हाई. तुम्ही हयात असताना हे पत्र धाडलं असतं तर तुम्ही ते दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतलं असतं, आन् ह्यात जे हाय ते दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर पडावं असं मला कधीच वाटलं नसतं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. आता ती भीती न्हाई. तरी हात आखडायलाय बगा.

आळंदला स्टँडामागं तुमचं गॅरेज होतं. आयटीआय नापास होऊन मी तुमच्याकडं आलो तेव्हा चांगला एकवीस वर्षांचा घोडा होतो. बाप म्हणून अण्णांनी मला तुमच्यासमोर उभं केलं. तुम्ही बुलेटच्या खालून नुसतं तोंड बाहेर काढलात आन् विचारलात, "इसके हात चलते क्या जुबान?" अण्णा म्हणाले, "जीभच लई चालती उस्ताद, म्हणून तर आणलोय." तुम्ही हसलात. "तो जुबान सेच काम लेते." मला वाटलं चेष्टा करायलेत. पण तुमची रीतच ती होती. इंजिनाच्या बाजूची चेनची पेटी, चेनकेस, बंद केली की केलेलं काम मोठ्यानं बोलून दाखवायचं. नट कस्या, पिन डाल्या, तेल डाल्या. तुम्ही जिथं असाल तिथनं "हौ" म्हणणार, आन् तुमचं "हौ" आल्याशिवाय गाडी स्टँडवरून उतरायची न्हाई. गिऱ्हाईकं हसायची. म्हणायची, उस्तादाकडं गाड्यांना पण मंत्र घालतेत. मी तर चालच लावली होती त्याला. नट कस्या, पिन डाल्या, तेल डाल्या, भजनात म्हणतेत तसं, मान हलवत. एकदा तुम्ही पाना फेकून मारलात. "गाना नक्को, काम बोल!" पाना नडगीवर बसला. दोन दिवस लंगडलो, पण चाल काय सुटली न्हाई.

आता मी जिथं नोकरीला हाय तिथं बुलेट न्हाई. सात महिने बर्फ. रस्ते साफ करायचं खातं हाय आमचं, आन् वरच्या चौक्यांवर सामान, औषधं न्यायला स्नो स्कूटर हायत. तुम्ही बघितली असती तर हातातली विडी खाली पडली असती. पुढं दोन पट्ट्या, मागं रुंद रबरी पट्टा, आन् इंजिन असं दांडगं की आपल्या पाच-सहा बुलेटी एका टोपात शिजवाव्यात. पण झाकण उघडलं की आत आपलीच चेनकेस. वरचा दांडा इंजिनाकडनं फिरतो, चेन ती ताकद खालच्या दांड्याला देती, आन् तो रबरी पट्टा फिरवतो. सगळं तेलात बुडालेलं. चेन मात्र दोन बोटं रुंद, पातळ कड्यांची. ताणायचा बोल्ट बाहेरनं बोटानं टेकेपर्यंत आवळायचा, पाव फेरा मागं घ्यायचा, मग त्याच्यावरचा नट कसायचा. ह्यात एक भानगड हाय, ती नीट ऐका. ब्रेकची थाळी वरच्या दांड्यावर हाय. म्हणजे चेन निसटली की नुसती गाडी थांबत न्हाई, ब्रेकच जातो. चढावर असलात तर वाचलात. उतारावर असलात तर देवच.

गेल्या माघातली सकाळ हाय. वरच्या चौकीवरनं वायरलेस आला, एका माणसाच्या पोटात रात्रीपासनं कळा मारायल्यात, ताप चढलाय, पोट लाकडागत झालंय. ढगांमुळं हेलिकॉप्टर येईना. आन् स्कूटरची चेनकेस मी उघडून बसलेलो. तेल मोजायच्या कांडीच्या लोहचुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटला होता, चेन लांबली होती, खालच्या चक्राचे दात खाल्ले होते. नवी चेन, नवं चक्र बसवायलो होतो. साहेब दर पाच मिनिटांला दारात. "कितना टाइम?" मी म्हणतो, "झालंच साहेब." पुन्हा, "कितना टाइम?" थंडीनं बोटं माझी का दुसऱ्याची तेच कळेना. खालचं चक्र बसवलं, खाचांचा नट कसला, वरचं चक्र, चेन, ताण बघितला, झाकण लावलं, तेल ओतलं. तुमच्यागत "हौ" म्हणायला आता कुणी न्हाई, तरी मी मोठ्यानं म्हणालो. नट कस्या, पिन डाल्या, तेल डाल्या. चालीत म्हणालो. ड्रायव्हर बसला, मागं औषधवाला बसला, त्याच्यामागं पेशंट आणायची घसरगाडी जोडली, आन् निघाले.

मी हत्यारं पुसायलो. फडकं उचललं तर त्याच्याखाली कॉटर पिन. नवी कोरी. दोन्ही पाय सरळ.

उस्ताद, मी ती उचलून हातात धरली. त्या पिनेचं काम एवढंच, खाचांचा नट जागचा हलू न देणं. ती नसली तर नट हळूहळू उलगडतो, चक्र बाजूला सरकतं, चेन उतरती. पाकिटातनं मी एक पिन काढली होती का दोन? आठवेना. "पिन डाल्या" म्हणालो हे मात्र कानात स्वच्छ होतं. माझाच आवाज, माझीच चाल. पण हातानं काय केलं ते हाताला विचारावं तर हात बधिर.

वर जायला एक तास. जाताना सगळा चढ, तिथं काही बिघडणार न्हाई. येताना मात्र पेशंट लादून तो उतार, एका अंगाला सरळ दरी. रस्त्यात त्यांचा हँडसेट लागत न्हाई, पण वरच्या चौकीवर वायरलेस हाय. म्हणजे माझ्याकडं तासभर होता. बोललो तर झाकण उघडावं लागणार, तेवढा वेळ त्या माणसाचं पोट थांबंल का? पिन आत निघाली तर माझं हसं, आन् पेशंटाचं काय झालं तर पाप माझ्याच माथ्यावर. न्हाई बोललो तर? तर कदाचित काहीच होणार न्हाई. कदाचित. मी मूठ आवळून उभा होतो, आन् खरं सांगतो, डोळ्यांपुढं ती दरी नव्हती. तुम्ही होतात.

कडगंचीच्या बाजूला शाळेवर असलेले ते मास्तर आठवतेत ना तुम्हाला? न आठवायला काय झालं. त्यांची काळी बुलेट. तिची चेनकेस मी बंद केली होती, तुम्ही शेजारच्या गाडीखाली. मी म्हणालो, नट कस्या, पिन डाल्या, तेल डाल्या. तुम्ही म्हणालात, हौ. चार दिवसांनी मास्तर टेम्पोत बुलेट घालून आले. कपाळाला पट्टी. चेन सुकी चालून तुटली होती, आत गोळा होऊन अडकली होती, मागचं चाक जाम होऊन दोघं रस्त्यावर पडले होते. त्यांच्या बायकोच्या खांद्यात सळई घालावी लागली. मास्तर भर स्टँडात ओरडायलेत, "कामून हो उस्ताद, डोळे गेले काय तुमचे? आत तेलाचा टिपूस न्हाई!" माणसं गोळा झाली. तुम्ही हात पुसत माझ्याकडं वळलात. "तेल डाल्या था ना रे?"

मला त्याच क्षणी कळलं होतं की न्हाई डाल्या. मधीच कुणीतरी चहाला हाक मारली, आन् जीभ पुढं गेली, हात मागं राहिला. माझी जीभच मेली हाडाविना. मी म्हणालो, "हौ उस्ताद, डाल्या."

तुम्ही फळीकडं बघितलात. मास्तरांच्या गाडीसाठी आणलेला तेलाचा डबा तिथं होता, सील न तुटलेला. मग मास्तरांकडं वळून तुमच्या त्या मोडक्या मराठीत म्हणालात, "चुकी माझी हाय मास्तर. मी बगितलो न्हाई." एवढंच. त्या दिवसानंतर आळंदमधल्या बुलेटी दुसऱ्या गॅरेजला जायला लागल्या. उस्तादाला आता दिसत न्हाई, असं लोक सांगायचे. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरनं चेनचा ताण कळायचा त्याला! आन् मी तिथंच उभा राहून ऐकायचो, खालमानेनं, जसं काय मलाच तुमची दया येती.

तुम्ही एका शब्दानं विचारलं न्हाई. शिवी दिली न्हाई, पाना फेकला न्हाई. फेकला असता तर बरं झालं असतं. फक्त त्यानंतर तुम्ही मला तेलाच्या डब्याला कधी हात लावू दिला न्हाई. गाडी बारकी असो मोठी असो, गुडघे धरून उठायचात, स्वतः ओतायचात, पुन्हा बसायचात. दोन वर्षं. मला नोकरीचा कॉल आला तेव्हा तुम्ही तुमचा रिंग पान्यांचा संच फडक्यात बांधून दिलात आन् म्हणालात, "उधर थंड बहोत रहती. हात संभाल." पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. आमचा रस्ता बंद होता, मला अकराव्या दिवशी कळलं. तोवर सांगायची वेळ गेली होती, आन् शरमेची गोष्ट अशी की मला थोडं सुटल्यागत वाटलं.

तर त्या सकाळी मी वायरलेसच्या खोलीत गेलो. साहेब तिथंच होते. म्हणालो, "साहेब, खालच्या चक्राची पिन राहिली असंल. त्यांना उतरू देऊ नका." साहेबांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं न्हाई. वरच्या चौकीला निरोप गेला. तासाभरानं स्कूटर वर पोचली. तिकडनं ड्रायव्हर ओरडायला, "पेशंट डोळे फिरवायलाय, आन् झाकण उघडू?" साहेब म्हणाले, "उघड." मग नुसती खरखर. पातेल्यात तेल उतरवलं म्हणे. मी भिंतीला टेकून उभा, साहेब माझ्याकडं बघायलेत, घड्याळाकडं बघायलेत, पुन्हा माझ्याकडं. वीस मिनिटं. पंचवीस. मनात म्हणायलो, पिन असू दे, माझं हसं होऊ दे, नोकरी गेली तरी जाऊ दे. मग ड्रायव्हरचा आवाज आला, हळू. "पिन न्हाई. नट आपल्या जागेवरनं बोटभर फिरलाय."

ड्रायव्हरनं घसरगाडीच्या जोडाची एक जादा पिन कापून तिथं घातली, तेच तेल गाळून पुन्हा ओतलं, आन् ते उतरले. दुपारी खाली पोचले. आतडं फुटायच्या बेतात होतं, डॉक्टर म्हणाले. माणूस वाचला. चेनकेसबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, ती मिळायलाच पाहिजे होती. पण नंतर मेसमध्ये सगळ्यांसमोर साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "गलती सब करते हैं. बोलनेवाला एक होता है." टाळ्या वाजल्या. ड्रायव्हरनं त्याच्या ताटातला शिरा माझ्या ताटात घातला. तिथं आता मला इमानदार मिस्त्री म्हणतेत. इथं घरी पण ती गोष्ट पोचली, बायको शेजारणींना सांगती, अण्णा म्हातारपणी मान ताठ करून पारावर बसतेत. म्हणतेत, उस्तादाचं वळण हाय.

उस्ताद, सगळ्यांना सांगितली ती गोष्ट अशी. तुम्हाला एक जास्त सांगतो. फडक्याखाली ती पिन सापडली तेव्हा शेडाच्या दारात दुसऱ्या पाळीचा मिस्त्री चहाचे दोन पेले घेऊन उभा होता. पहाडी माणूस, कमी बोलणारा. त्यानं माझ्या हातातली पिन बघितली, मग माझं तोंड बघितलं. मी मूठ आवळली ती त्याच्यापासनं लपवायला, पण उशीर झाला होता. तो दारातनं बाजूला झाला, वायरलेसच्या खोलीकडं जायला वाट दिल्यागत. तेव्हा मी गेलो. तो तिथं नसता तर गेलो असतो का, हे मी मंठाळला आल्यापासनं रोज स्वतःला विचारायलोय, आन् रोज जे उत्तर येतं ते "हौ" नसतं.