वाटीसकट शंभर ग्रॅम

ती. ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवा. इकडे तुमची धाकटी बहीण बरी आहे. मूत्रपिंडाचं दुखणं आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, तिला घरी आणलंय आणि स्वयंपाक सध्या माझ्याकडे आहे. (हे पाणी पिताना वाचू नका, ठसका लागेल.)

आहार सांगणाऱ्या बाईंनी आधी "दुपारी एक वाटी शिजलेली डाळ" एवढंच सांगितलं होतं. आता मी पडलो शिंपी. कोणी हातभर कापड मागितलं, तर हात कुणाचा हे मी विचारणारच. आणि आमच्या वाट्या म्हणजे एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. म्हणून बाईंना फोन करून वाटी म्हणजे नेमकी किती ते विचारलं. "शंभर ग्रॅम, घट्टसर," त्या म्हणाल्या. मी शंभर ग्रॅम मसूर डाळ आणली आणि सगळी शिजवली. ती फुगत फुगत छोट्या पातेल्याच्या काठाला आली. पुन्हा फोन. "काका, वजन शिजल्यावरचं. कच्च्या डाळीचं नव्हे." (त्या दिवशी शेजाऱ्यांनाही डाळच खावी लागली. अजून जरा तुटक बोलतात.)

घरात वजनकाटा नाही. पण दुकानाच्या शेजारी एक बाई लोकर विकतात, वजनावर. त्यांच्या काट्यावर वाटी ठेवून डाळ ओतत गेलो, आकडा शंभरावर आला तिथे थांबलो आणि वाटीला सुईनं ओरखडा काढला. (एक गिऱ्हाईक म्हणालं, पिवळा रंग छान आहे, पण जरा ओला वाटतो.) तेव्हापासून रोज ओरखड्यापर्यंत डाळ. ती जेमतेम बुडाशी असायची, पण काटा कशाला खोटं बोलेल? तुमची धाकटी वाटी बोटानं पुसून खायची. मला वाटलं, माझ्या हाताला चव आली.

परवा डाळ पातळ झाली, म्हणून पुन्हा वजन करायला गेलो. लोकरवाल्या बाईंनी सहज विचारलं, "रिकाम्या वाटीचं वजन वजा करता ना?"

ताई, कापड कापून झाल्यावर माप चुकल्याचं कळावं, तसा घाम फुटला. शंभरातली निम्म्याहून जास्त वाटीच होती. तसाच घरी आलो. म्हटलं, "पोट भरत नव्हतं तर बोलायचं नाही का?"

ती म्हणाली, "मला वाटलं, चव बघून तुम्हालाच माझी दया येतेय. म्हणून कमी वाढताय."

आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. मी मात्र हसलो नाही, फोडणी जळतेय म्हणून आत गेलो. (फोडणी केलेलीच नव्हती.)

आता आधी रिकामी वाटी तोलली, मग भरलेली. नवा ओरखडा बराच वर आहे. काल तिनं तिथपर्यंतची सगळी डाळ संपवली आणि दुकानात कोण कोण आलं होतं, ते विचारलं.

आपला,
धाकटीचा शिंपी

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. मीठ न वाढवता डाळीला चव कशी आणायची, ते कळवा. तिला विचारलं तर "छान झालीय" म्हणते. एवढी वर्षं संसार केल्यावर माणूस हे ओळखतो.

ता. क. २. ताई, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, ही यांची चूक. मी बरी आहे. पण मला एकटीला अळणी खावं लागू नये म्हणून हेही तेवढंच आणि तसंच जेवतात, आणि एवढंसंच का विचारलं तर दुकानात जेवून आलो म्हणून सांगतात. सदरे अंगावर लोंबायला लागलेत, आणि शिंप्याला ते दिसत नाही. रागवायला अजून माझ्यात जोर नाही. तू ये. गुडघ्याला सांग, आमच्याकडे जिना नाही.