खोबरेलावरचं इंजिन

८ जाने.
करायला नको व्हतं, पण केलं. मामाच्या आगगाडीचं बारीक तेल माझ्या दोस्ताच्या, दिल्याच्या गेटला ओतलं. (खेळणं म्हटलं की मामा भडकतो. "मॉडेल म्हण, गधड्या!") दिल्या घरातून सटकतानी गेट करकरायचं अन् बाप धरायचा. आता बाप कान लावून बसलाय अन् दिल्या चौकात! लई हसलो. मंग बघतो तर तेलाची पत्र्याची कुप्पी रिकामी. मामीचं खोबरेल भरून ठेवलं. तेल ते तेल.

९ जाने.
आयटीआयला दांडी. दुपारी मामानं इंजिन उताणं केलं. स्पिरिटच्या कापसानं चाकं, खोडरबरानं रूळ, मंग सुईच्या टोकावर एक-एक थेंब गियरला. जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान पोराच्या हवाली केल्यापासून मामा गच्चीवरच्या खोलीतच. प्लायवर अख्खं परतूर स्टेशन उभं केलंय. माझ्याकडं फक्त झेंडी दाखवायचं काम. मामाला सर्दी, वास आला न्हाई. इंजिन मस्त पळालं. वाचलो.

११ जाने.
सकाळी इंजिन नुसतं हूं हूं. हलेना. दुपारी बराबर पळालं. संध्याकाळी परत बंद. मामा स्वतःचे हात बघत बसला. "थरथरतेत रे. मीच कायतरी बिघडवलं."
मामीनं गल्लीत सांगून ठेवलंय, यंदा हळदी-कुंकवाला तिळगूळ गाडीतून येणार. मामा म्हणला, "त्या दिवशी न्हाई चाललं तर पेटीत भरतो. कायमचं."
जेवण गेलं न्हाई. म्हणजे गेलं, पण...

१२ जाने.
मामीनं खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली. आत पांढरा गोळा. "थंडीत गोठतं ना भैया."
डोक्यात टूब पेटली. इंजिनाच्या पोटातबी हेच गोठून राह्यलं!

१३ जाने.
"मामा, एक बोलू?"
"झेंडी फाटली का?"
"न्हाई."
"मंग बोल."
मी नुसता कप पुढं केला. मामाचा हात चहा ओततानी थरथरतो, थोबाडीत देतानी बिलकुल न्हाई.

१५ जाने.
आज हळदी-कुंकू. मामा तिळगूळ आणायला गेल्ता. जल्दी इंजिन खोललं. गियर स्पिरिटमधी धुतले, शिलाई मशीनचं तेल लावलं. परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. खिशात. चालवून बघणार, तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. गल्लीतल्या बायका, मागून मामा.
मामानं बटन पुढं फिरवलं. इंजिन पळालं. मागं! वायरी उलट्या जोडल्यात मी.
"अगं बाई, तिळगूळ पळून चालला!" बायका हसून हसून बेजार.
मामा हसला न्हाई. "जन्मभर मोटारी भरल्या. उलटी वायर, अन् ह्या हातानं?" हाताकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "रव्या, कोणी खोललं?"
तोंडात तिळगूळ कोंबला. गोड बोलायचा सण ना!
मामीनं कुप्पीचा वास घेतला, स्वतःच्या केसावरून हात फिरवला, अन् गुपचूप झाकण लावलं.
पेटी अजून गच्चीवरच हाय. रिकामी. मामा तिच्यावरच बसलाय, हात चोळत. मी खरं बोललो की मामाचे हात आरोपातून सुटतेत, पण मी अडकतो.
ही वही ज्याच्या हाती लागंल त्याला हात जोडतो, पाया पडतो, कोणाला सांगू नको. मामाला तर बिलकुल न्हाई. त्याला मीच सांगन. उद्या. झेंडी त्याच्यापुढं ठेवून...